हाताची जागा

घर भाड्याने देताना कंडक्टरने एकच अट घातली होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडं चार दिवस मागेपुढे झालं तरी चालेल, पाहुणे येऊन राहिले तरी चालेल, पण खिळा चालायचा नाही. तीस वर्षं बसच्या दारात उभं राहून, पायाच्या शिरा फुगवून त्याने हे घर बांधलं होतं, आणि त्याच्या भिंतीला भोक पडलेलं त्याला बघवत नव्हतं. सुताराला खिळा ठोकू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला कात्री लावू नको म्हणण्यासारखंच. पण तेव्हा सुताराला घराची नड होती. त्याने मान डोलावली आणि अकरा वर्षं शब्द पाळला. कपड्यांसाठी त्याने तीन पायांचा स्टँड केला, आरसा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, कॅलेंडर कपाटाच्या दारावर चिकटवलं. बायकोने पहिल्या वर्षी कुरकुर केली. भाड्याचं घर आणि खाली कर, असं ती अजूनही मधूनच म्हणायची, पण तेही आता सवयीनेच.

घर लांबट होतं. पुढे ओसरी, मग पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी उंच भिंतीने कोंडलेलं छोटं अंगण, त्यात नळ, न्हाणी आणि मागच्या बोळात उघडणारं एक दार. पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मध्ये दार नव्हतं. नुसती रुंद मोकळी जागा होती, तिथे बायकोने जुन्या साडीचा पडदा दोरीवर सोडला होता. शेजारच्या दोन खोल्यांत कंडक्टर आणि त्याची बायको राहत. सुताराच्या घरात माणसं तीनच, तो, बायको आणि त्याचे वडील. मुलगी लग्न होऊन तिच्या घरी गेली होती.

वडिलांना दिसत नव्हतं. तेही सुतारच. काचबिंदूने त्यांची नजर नेली ती या घरात यायच्या आधी. त्यामुळे हे घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, पायांनी पाठ केलं होतं. मधल्या खोलीतल्या खाटेपासून ओसरीच्या पायरीपर्यंत चौदा पावलं. ओसरीवर ऊन आलं की ते चौदा पावलं चालत जात आणि जेवणाची हाक येईपर्यंत तिथे बसत. रस्त्याने जाणाऱ्यांना चपलांच्या आवाजावरून ओळखत. "काय रे, उजवी टाच झिजली की तुझी," असं म्हणाले की जाणारा थांबे, दोन गोष्टी बोले. म्हाताऱ्याचा दिवस असा बाहेरून चालून घरी यायचा.

त्या वर्षी बांधकामं थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट घरं उभी होती, खांबांच्या डोक्यातून निघालेल्या सळया गंजत होत्या. सुतार ज्या कारखान्यात दारं-खिडक्या करायचा, तिथल्या मालकाने आधी आठवड्यातून चार दिवस बोलावलं, मग दोन दिवस. एके दिवशी त्याने करवतीच्या यंत्राचा पट्टा काढून खुंटीला टांगला आणि म्हणाला, "घरंच नाहीत तर दारं कुणाच्या गळ्यात मारू?" सुतार आपला रंधा, पटाश्या, करवत पोत्यात बांधून घरी आला. मग खुरप्याचे दांडे, स्टुलाचे पाय, खाटेची मोडकी दांडी, असलं काम तो अंगणात बसून करू लागला. तेही रोज नसायचं. हात तंग असला की माणूस मोडक्या स्टुलावरही तोल सांभाळून बसायला शिकतो. बायको भाजीच्या शेडमध्ये क्रेट धुवायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली असायची आणि चिरा पडलेल्या जागी तेल लावताना ती तोंडातून आवाज काढायची नाही.

थंडी पडायच्या सुमाराला कंडक्टरचा मुलगा शहरातून परत आला. बरोबर बायको, दोन लहान मुलं, गुंडाळलेली गादी आणि एक पंखा. त्याच्या कंपनीला टाळं लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी कंडक्टर मागच्या अंगणात आला. सुतार पटाशीला धार लावत होता. म्हातारा पुढे ओसरीवर होता. कंडक्टर बसला नाही. कुठेही गेला तरी तो एक हात वर धरून उभा राहायचा, घर अचानक वळण घेईल म्हणून.

"चहा सांगू का, काका?" सुतार म्हणाला.

"नको. पोरगं आलंय, बघितलंस ना?"

"बघितलं. बरं आहे ना सगळं?"

"बरं असतं तर आलं असतं का?" कंडक्टरने न्हाणीच्या भिंतीवरचा हात बदलला. "चार माणसं आणि आम्ही दोघं. दोन खोल्यांत पाय पसरायला जागा नाही. सून रात्री बसून झोपते."

सुताराने पटाशी दगडावरून उचलली. पुढचं त्याला कळलं होतं.

"तुला जा म्हणत नाही मी," कंडक्टर म्हणाला. "दोन महिने तुझ्याकडून काही आलं नाही. मी कधी तोंडातून काढलं?"

"नाही काढलं."

"मग तू जरा मागे सरक. एवढंच."

पुढची खोली आणि ओसरी मुलाला हवी होती. मधली खोली, स्वयंपाकघर आणि अंगण सुताराने ठेवावं. मधल्या मोकळ्या जागेत फळ्यांची भिंत घालायची आणि त्यात एक दार, कारण न्हाणी मागे आणि मुलाच्या माणसांना अंघोळीला यावं लागणार. फळ्या कंडक्टर देणार होता. बोलता बोलता त्याने मान वर केली आणि स्वयंपाकघरातल्या माळ्याकडे बघितलं.

"ती चौकट आहेच ना तुझ्याकडे पडलेली?" तो म्हणाला. "ती दे. मागचं सगळं सोडतो आणि पुढे तीन महिने काही मागत नाही. थंडी निघून जाईल. मग पुढचं पुढे बघू."

सुतार म्हणाला, "उद्या सांगतो." दुसरं काय म्हणणार? अडला हरी, आणि समोरचा गाढवही नव्हता. भला माणूस होता, हीच पंचाईत होती.

चौकट वडिलांनी केलेली होती, डोळे जायच्या आधीची शेवटची. कुणाच्या तरी मळ्यातलं सागाचं झाड पडलं, मजुरीऐवजी त्यांनी त्याचा बुंधा मागून घेतला आणि वर्षभर वाळवला. समोरची माणसं धुरकट दिसू लागली होती तरी पटाशीचं टोक दिसत होतं, तेवढ्यात उरकून घेतलं. आपल्या घराला लावायची म्हणून. घर नव्हतं, जागाही नव्हती, पण दाराची सोय आधी झाली. चौकट नेहमीपेक्षा उंच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात वाकून शिरलो, आपल्या दारात कुणी वाकायचं नाही, असं ते म्हणायचे. आणि आत शिरताना उजवीकडच्या उभ्या लाकडाला, तोंडाच्या म्हणजे बाहेरच्या बाजूने, त्यांनी एक उथळ खळगा कोरला होता. तळहात बरोबर बसेल एवढाच. त्याला ते हाताची जागा म्हणायचे. म्हातारपणी उंबरा ओलांडताना माणूस हात टेकतोच, मग त्या हाताला जागा नको का? खिळा एकही नव्हता, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, त्यामुळे चौकट सुटी करून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवता आली. दर उन्हाळ्यात सुतार ती खाली काढायचा, ओसरीवर मांडायचा आणि बाप-लेक तिला तेल लावायचे. मधल्या काळात म्हातारा अधूनमधून विचारायचा, "वाळवी नाही ना लागली?"

जेवताना सुताराने बायकोला हळूच सांगितलं. म्हातारा पलीकडे खाटेवर होता.

बायको म्हणाली, "देऊन टाका. चौकटीत काही राहता येत नाही."

"आणि बाबांना?"

"त्यांना या थंडीत कुठे नेणार आहात? तुमच्या भावाकडे?"

भावाने मागच्याच महिन्यात निरोप पाठवला होता की त्याच्या एका खोलीत आता पाहुणाही झोपू शकत नाही. सुताराने ताट बाजूला सारलं.

"सांगायचं नाही," बायको म्हणाली. "कळलं तेव्हा कळलं."

भिंत घालायच्या दिवशी ती म्हाताऱ्याला बरोबर शेडमध्ये घेऊन गेली. तिथे ऊन असतं म्हणाली. खरं कारण म्हणजे साग कापला की त्याचा वास लपत नाही, आणि म्हाताऱ्याचं नाक सुताराचं होतं. दिवसभर त्याला उपड्या क्रेटवर बसवून तिने क्रेट धुतले.

इकडे सुताराने चौकट जोडली. ती उभी केली तर वरच्या तुळईला चार बोटं अडत होती.

"वरून काप की," कंडक्टर म्हणाला.

"कापायची नाही."

"अरे, नाकापेक्षा मोती जड झाला. चार बोटांनी काय होतंय?"

सुताराने पहार घेतली आणि मातीची जमीन खणून चौकटीचे पाय चार बोटं खाली उतरवले. तरीही ती घरातल्या बाकीच्या दारांपेक्षा उंचच राहिली. तोंड त्याने पुढच्या खोलीकडे केलं. ज्याचं दार त्याच्याकडे तोंड, ही धंद्याची रीतच होती. शिवाय तोंड तिकडे असलं की हाताची जागाही तिकडे, आणि म्हाताऱ्याचा हात तिकडे पोहोचणार नव्हता. एका दगडात दोन पक्षी मारले, आणि दोन्ही आपल्याच अंगणातले. एकदा त्याने रंधा त्या खळग्यावर टेकवला होता, दोन हातांत सपाट झाला असता. मग रंधा खाली ठेवला.

कडी पलीकडून लागणार होती. ते बोलायची गरज पडली नाही, कंडक्टरने ती आपल्याच हाताने पलीकडच्या बाजूला धरून दाखवली. फळ्या भिंतीला जोडायची वेळ आली तेव्हा सुतार थांबला.

"ठोक," कंडक्टर म्हणाला. "आता हवे तेवढे ठोक."

अकरा वर्षांत त्या भिंतीत सुताराने पहिला खिळा ठोकला, तो स्वतःला मागे ढकलायला. थोडी माती सांडली. कंडक्टरने ती पायाने गोळा केली आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा नेहमीसारखा उठून चालू लागला. त्याला भिंतीचं सांगितलं होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. सातव्या पावलाला कपाळ लाकडावर आपटलं. आवाज ऐकून बायको धावली. त्याने कपाळ चोळलं आणि फळीवरून हात फिरवला.

"कसलं लाकूड आहे रे?"

"जुन्या फळ्या आहेत, बाबा," सुतार मागून येत म्हणाला. "कंडक्टरकाकांच्या."

"आणि दार?"

"तेही असंच. मिळेल त्याचं."

"ओबडधोबड आहे," म्हातारा म्हणाला. त्याचा हात चौकटीच्या मागच्या बाजूवर होता, जी भिंतीत जायची म्हणून त्याने स्वतःच रंधा न मारता ठेवली होती.

मग दिवस तसे जाऊ लागले. सकाळी कडी निघायची आणि कंडक्टरचा मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून यांच्या मधल्या खोलीतून, चुलीशेजारून, न्हाणीत जायचा. मान खाली घालून जायचा, बिचारा वाईट नव्हता. त्याच्या मागे त्याची बायको, मग मुलं. ओल्या पायांनी परत जायचे. सुताराच्या बायकोने पहाटेच उठून आवरून घ्यायची सवय लावली, पुढे पुढे ती अंग पुसतानाही एक कान दाराकडे ठेवू लागली. बाहेर जायचं तर मागच्या बोळातून, गटारावरच्या फरशीवरून. दांडे घालून घ्यायला येणारी माणसं पुढच्या दारात हाक मारायची, तिथे नवीन चेहरा बघून परत जायची. दोन गिऱ्हाइकं कमी झाली, मग आणखी दोन. आपल्याच घरात चोरासारखं वावरायचं म्हणजे काय, ते सुताराला रोज थोडं थोडं कळत गेलं. राग यावा असं समोर कुणी नव्हतं.

सगळ्यात जास्त हाल म्हाताऱ्याचे झाले. मागच्या अंगणात ऊन यायचं ते दुपारी, तेही न्हाणीच्या भिंतीवर हातभर. तेवढ्या पट्ट्यात खुर्ची सरकवत सरकवत ते बसत. खोकला लागला. चपलांचे आवाज बंद झाले, बोळातून फक्त पाणी वाहायचं. तरी रोज सकाळी ते सहा पावलं जात, बंद दाराला तळहात टेकत आणि पलीकडचे आवाज ऐकत उभे राहत. कधी पाव तास, कधी जास्त.

"बाबा, बसा की," सुतार म्हणायचा.

"बसतो. रस्ता सुरू झाला का ते बघत होतो."

मधेच एकदा त्यांनी विचारलं, "आपली चौकट आहे ना नीट?"

"आहे."

"यंदा उन्हाळा लवकर लागेल असं वाटतं. तेल आणून ठेव."

"आणतो," सुतार म्हणाला. बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं.

अडीच महिने गेले. एका सकाळी सुतार अंगणात स्टुलाला पाय बसवत होता. तिथून स्वयंपाकघरातून सरळ मधल्या खोलीतलं बंद दार दिसायचं. म्हातारा दाराला हात लावून उभा होता आणि खोकत होता. खोकला थांबेना. पलीकडून कडीचा आवाज आला. कंडक्टरच्या सुनेने दार उघडलं. कडेवर मूल होतं, केस विंचरायचे राहिले होते.

"आजोबा, या ना," ती म्हणाली. "ओसरीवर ऊन आलंय. बसा तिकडे. मी काही म्हणत नाही."

सुताराच्या हातातली हातोडी तशीच राहिली. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? उन्हात जाऊ नका म्हणून?

म्हाताऱ्याने उंबरा पायाने चाचपला. डावा हात चौकटीला धरला आणि तो पलीकडे गेला. बोटं कडेवरून वळून तोंडाच्या बाजूला गेली. तिथे तो थांबला. सून म्हणाली, "या, पुढे या," पण तो पुढे गेला नाही. तो सावकाश मागे वळला, घराकडे तोंड करून, बाहेरून आत येणारा माणूस उभा राहतो तसा. उजवा हात उचलला, थोडा खाली नेला आणि खळग्यात ठेवला. हात बसला.

सुताराला तिथून त्याचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांत बापाचा तसा चेहरा त्याने पाहिला नव्हता. भुवया वर गेल्या होत्या, तोंड जरा उघडं होतं. मग तो चेहरा हळूहळू नेहमीचा झाला. म्हाताऱ्याने हात काढून घेतला आणि भिंतीच्या आधाराने तो ओसरीकडे गेला.

त्या दिवशी स्टुलाचा पाय तिरका बसला. सुताराने तो काढला, पुन्हा बसवला, पुन्हा तिरका बसला. सून दोनदा येऊन सांगून गेली, आजोबा मजेत आहेत, चहाही घेतला. ओसरीवरून म्हाताऱ्याचा कुणाशी बोलण्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

जेवायच्या वेळी तो परत आला. चौकटीतून येताना त्याने हात लावला नाही. खाटेवर बसला. सुतार समोर येऊन उभा राहिला, लहानपणी पटाशीची धार मोडल्यावर उभा राहायचा तसा.

"चांगली बसवलीस," म्हातारा म्हणाला. "ओळंबा लावला होतास?"

"हो."

"सरळ लागली हाताला. पाय खाली घेतलेस का?"

"चार बोटं. तुळई अडत होती. कंडक्टरकाका काप म्हणत होते, मी कापली नाही."

"बरं केलंस. मीही तेवढाच खाली आलोय. हात बरोबर पोहोचला." म्हाताऱ्याने खोकून घेतलं. "कितीला दिली?"

"ही थंडी काढायला दिली, बाबा."

म्हाताऱ्याने मान हलवली. हा हिशेब त्याला पटला असावा, निदान नवा वाटला नसावा. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत उभी होती, पुसून झाले तरी पुसत होती.

"मला सांगायचं होतं," सुतार म्हणाला.

"तुला नव्हतं सांगायचं. मीही नसतं सांगितलं." मग भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "एक गंमत झाली. हात तिथे बसला ना, तेव्हा घटकाभर मला वाटलं आपलं घर झालं. झालं, आपण राहायला आलो, आणि मला सांगायचं तेवढं तुमच्याकडून राहून गेलं."

सुताराला तेव्हा रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. फार थकला होता तो. त्याने वडिलांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि त्यांचा हात धरून ताटाच्या कडेला लावून दिला. दोघं जेवले.

त्यानंतर सून रोज सकाळी कडी काढायची आणि म्हातारा ओसरीवर जायचा. सुतार घरात असला तर त्या वेळी अंगणातून उठून बोळात जायचा. वाळवीचं म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही.

थंडी गेली. कंडक्टर एके संध्याकाळी आला आणि हात वर धरून बराच वेळ उभा राहिला. मुलाला पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची होती, राहायला मागची बाजू लागणार होती. त्याने ते सांगायच्या आधीच सुतार म्हणाला, "आम्ही बघितलंय, काका."

बायकोनेच बघितलं होतं. शेडच्या मालकाच्या मळ्यात पंपाशेजारी एक खोली होती, पत्र्याची. राखण करायची आणि राहायचं. दार एवढं बुटकं की ती स्वतःसुद्धा दोनदा डोकं आपटून आली होती.

कंडक्टर चाचरत म्हणाला, "चौकट हवी असेल तर काढून घेऊन जा. मी पडदा लावीन."

सुताराने खाटेकडे पाहिलं.

"नको," म्हातारा म्हणाला. "बसलेली चौकट उपटली की भिंत पडते. आणि पत्र्याला ती काय लावणार? फक्त उन्हाळ्यात तेल लावत जा तिला."

"लावीन," कंडक्टर म्हणाला. त्याने वर धरलेला हात खाली घेतला.

जायच्या दिवशी सामान मागच्या बोळातून काढायचं ठरलं होतं. हातगाडी गटारापलीकडे उभी होती. पण भांडी आणि तीन पायांचा स्टँड गेल्यावर म्हातारा खाटेवरून उठला आणि म्हणाला, "मी पुढून जाणार."

सुनेने कडी काढली. कंडक्टर पुढच्या खोलीत होता, त्याने नातवंडांना बाजूला घेतलं. "उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. आयुष्यभर तोंडात बसलेलं वाक्य, तेवढंच त्याला सुचलं.

पुढे बायको होती, हातात देवळीतला दिवा आणि तेलाची बाटली. तिच्या मागे सुतार, डोक्यावर वळकटी, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा. मधल्या खोलीतून सहा पावलं झाली. अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या, न्हाणीच्या, अंगणाच्या बुटक्या दारांतून गेलेल्या सुताराची मान, दार आलं तशी, आपोआप खाली गेली, पाठ वाकली. खांद्यावरच्या हाताला ते कळलं.

"वाकू नकोस," म्हातारा म्हणाला. "ती उंच केलीय."

सुतार सरळ झाला. वळकटी वर कुठेच लागली नाही. तो उंबरा ओलांडून पलीकडे गेला आणि वडिलांचा पाय उंबऱ्यावरून येईपर्यंत तसाच ताठ उभा राहिला.